बेडी आणि बक्षीस

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. पुढे त्यांनी इंग्रज सरकाराविरुद्ध बंड केले, सरकारने त्यांना धरून देणाऱ्यास इनाम लावले, आणि जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. पुण्यात खटला होऊन जन्मठेपेची शिक्षा झाली. १८८० च्या जानेवारीत त्यांना बोटीने एडनला नेले. अरबस्तानच्या टोकाचे हे बंदर त्या काळी मुंबई सरकारच्या अमलाखाली होते. तिथल्या कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले, पण अनोळखी मुलखात लौकरच सापडले. अखेर अन्न वर्ज्य करून १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी देह ठेवला.

ही हकिकत आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आज मी तिच्याशी लागून असलेल्या एका गोष्टीविषयी बोलणार आहे. ज्या तुरुंगात असे लोक ठेवले जात, तो तुरुंग चालायचा तरी कसा? हजारो कैदी आणि मूठभर पगारी शिपाई, असा तो मामला. एवढ्या माणसांना वर्षानुवर्षे ताब्यात ठेवायचे म्हणजे नुसत्या भिंती पुरत नाहीत. मग काय पुरत होते?

आपल्या जुन्या राजनीतीत चार उपाय सांगितले आहेत: साम, दाम, दंड आणि भेद. तुरुंगात सामाला फारशी जागा नसते. उरले तीन. त्यांपैकी दंड सर्वांना दिसतो. दाम, म्हणजे बक्षीस, थोडे पाहिले तर दिसते. भेद मात्र सहजासहजी दिसत नाही, कारण तो बहुधा बक्षिसाचाच अंगरखा घालून येतो. माझे आजचे सांगणे त्याविषयी आहे.

आधी दंड पाहू. १८९४ साली हिंदुस्थान सरकारने तुरुंगांचा कायदा केला. तुरुंगाच्या आत गुन्हा करणाऱ्या कैद्याला काय काय शिक्षा द्यावी, याची एक यादीच त्यात आहे. ती पायरीपायरीने चढत जाते. पहिली पायरी म्हणजे समज देणे. मग अधिक कष्टाचे काम. मग मिळालेल्या सवलती काढून घेणे. मग कापडाऐवजी तरटाचे कपडे, तीन महिन्यांपर्यंत. मग हातकड्या आणि बेड्या. मग इतरांपासून वेगळे ठेवणे. मग शिक्षेचा आहार, पण सलग ९६ तासांहून अधिक नाही. मग कोठडीतला एकांतवास, चौदा दिवसांपर्यंत. आणि सर्वांत शेवटी फटके, तीसपर्यंत. स्त्रियांना मात्र बेड्या, हातकड्या आणि फटके यांतून वगळले होते.

फटके कसे मारायचे, हेही कायद्यात लिहिले आहे. वेत अर्ध्या इंचापेक्षा बारीक नसावा. तुरुंगाधिकारी आणि डॉक्टर समोर हजर असावेत. शिक्षा हप्त्याहप्त्याने देऊ नये. आणि गुरुजी मंडळींनी पुढचे वाक्य जरा ध्यान देऊन ऐकावे. सोळा वर्षांखालील कैद्याला याहून हलक्या वेताने, शाळेत शिस्तीसाठी मारतात त्या पद्धतीने मारावे, असे तो कायदा सांगतो. म्हणजे तुरुंगाचा कायदा लिहिणाऱ्याला मुलाला मारण्याचा नमुना हवा होता, आणि तो त्याला शाळेत सापडला! यावर अधिक भाष्य करायला नको.

कागदावरचा हा दंड प्रत्यक्षात कसा होता? अंदमानातल्या सेल्युलर तुरुंगाची कहाणी महाराष्ट्राला विशेष परिचित आहे. या तुरुंगाचे बांधकाम १८९६ साली सुरू झाले आणि १९०६ साली पुरे झाले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघालेल्या, प्रत्येक तीन मजली, आणि साऱ्या मिळून सुमारे सातशे कोठड्या. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याचे तोंडही दिसू नये. बाबाराव सावरकर, विनायकराव सावरकर, वामन नारायण जोशी ही आपल्याकडची माणसे तिथे होती. विनायकराव सावरकर १९११ च्या जुलैत तिथे पोचले. त्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचे साल होते १९६०. शिक्षा पन्नास वर्षांची! १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथात त्यांनी तिथला कोलू वर्णिला आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा आणि दिवसाकाठी ३० पौंड खोबरेल काढून घ्यायचे. आजच्या मापाने हे साडेतेरा किलोच्या वर झाले. तेल कमी भरले की शिक्षा. भिंतीला हात वर अडकवून तासन्‌तास उभे करायचे, त्याला खडी हातकडी म्हणत. पाय जवळ घेता येऊ नयेत म्हणून मध्ये लोखंडी दांडा घातलेली बेडी, ती दंडाबेडी. इंदुभूषण राय या बंगाली तरुणाने १९१२ साली कोठडीत गळफास घेतला. उल्हासकर दत्त यांच्या बुद्धीला भ्रम झाला. दंडाची ताकद किती, ते यावरून कळते.

पण नुसत्या दंडाने तुरुंग चालत नाही, हे इंग्रज अंमलदारांना अनुभवाने कळत गेले. प्रथम त्यांना ते मान्य नव्हते. १८३८ साली तुरुंगांच्या शिस्तीविषयी एका सरकारी समितीचा अहवाल आला. मेकॉले साहेबांनी या चौकशीला चालना दिली होती. कैद्यांना शिक्षण, नीतिबोध किंवा चांगल्या वागणुकीबद्दल बक्षीस, यांतले काहीही त्या समितीला पसंत पडले नाही. काम कंटाळवाणे असावे आणि तुरुंगाचे नाव काढताच धडकी भरावी, असा एकंदर रोख.

गंमत अशी की त्याच वेळी समुद्रापलीकडे वेगळाच प्रयोग चालू होता. मुंबई, मद्रास, कलकत्ता येथून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदी पेनांग आणि सिंगापूर येथे ठेवले जात. तिथे पुढे कैद्यांचे सहा वर्ग पाडले गेले. नवा आलेला खालच्या वर्गात. नीट वागला की वर चढायचे, चुकला की खाली घसरायचे. वरच्या वर्गाला बाहेर राहून पोट भरण्याचा परवाना. आणि मधल्या एका वर्गाकडे इतर कैद्यांवर देखरेख. तिथल्या एका अधिकाऱ्याने, मॅक्नेअर याने, १८९९ साली या साऱ्याची हकिकत लिहिली आणि पुस्तकाला नाव दिले, त्याचा मराठीत अर्थ होतो ‘कैदीच आपले पहारेकरी’. हे नाव मनात ठेवा.

उलट दिशेनेही कैदी येत. पूर्वेकडच्या चिनी आणि मलायी कैद्यांना आपल्या महाबळेश्वरला ठेवीत. तिथला तुरुंग १८३४ साली सुरू झाला. या कैद्यांनी रस्ते आणि फिरण्याच्या वाटा केल्या, बागा केल्या, बटाटे पिकवले, आरारूट तयार केले. बाजारात त्यांच्या भाजीपाल्याला मागणी असे. १८६४ साली हा तुरुंग मोडला, तेव्हा ज्यांची शिक्षा संपली नव्हती त्यांना मोकळेपणी राहण्याचे परवाने दिले गेले. त्यांना मिळालेल्या बक्षिसाचे स्वरूप पाहा. हातात कुदळ, पायाखाली जमीन, आणि पुढे स्वतःच्या कष्टावर जगण्याची मुभा. कुणावर हुकूम चालवण्याचा अधिकार त्यात नव्हता.

१८९४ चा कायदा होईपर्यंत बक्षिसाची पद्धत देशभर रुजली. त्या कायद्यातच गुण देऊन शिक्षा कमी करण्याचे नियम करण्याची तरतूद आहे. कैद्यांच्या तोंडी या सवलतीचे नाव ‘माफी’. चांगली वागणूक आणि नेमून दिलेले काम पुरे, की महिन्याला काही दिवस माफी जमा व्हायची. जमून जमून ती शिक्षेच्या चवथ्या हिश्शापर्यंत जाऊ शके. आणि मोठ्या शिक्षेची भीती कसली, तर जमलेली माफी जाण्याची. शेतकरी जसा दाण्यादाण्याने कणगी भरतो, तशी कैदी माफी भरीत असे; आणि एका फटक्यात ती रिकामी करण्याची सत्ता अधिकाऱ्याच्या हाती असे.

अंदमानात तर जन्मठेपीच्या कैद्यासाठी मोठी शिडीच उभी केली होती. पहिले सहा महिने सेल्युलर तुरुंगाच्या कोठडीत. पुढचे दीड वर्ष दुसऱ्या तुरुंगात, इतरांबरोबर राहून कष्टाचे काम. त्यापुढची तीन वर्षे बराकीत. दिवसा पहाऱ्यात काम, रात्री कुलूप, मोबदला काही नाही. त्यापुढची पाच वर्षे थोडा हातखर्च, हलके काम आणि देखरेखीच्या छोट्या जागा. अशी दहा वर्षे भरली की परवाना मिळे. मग कैद्याने गावात राहावे, शेती करावी, गुरे पाळावीत, लग्न करावे किंवा घरच्यांना बोलावून घ्यावे. बेट सोडून मात्र जाता येत नसे. आणि वीस-पंचवीस वर्षांनी, वागणूक पसंत पडली तर, पुरी सुटका.

राजबंद्यांना मात्र या शिडीच्या पहिल्या पायरीवरच अडकवून ठेवीत. खुनाच्या गुन्ह्यातला माणूस सहा महिन्यांनी कोठडीबाहेर पडे, आणि देशासाठी आलेला तिथेच वर्षानुवर्षे कुजे.

या शिडीत वाईट काय, असे तुम्ही विचाराल. दहा वर्षांनी का होईना, शेत मिळते, घर मिळते. खरे आहे. शेत हे चांगले बक्षीस. पण त्या शेतापर्यंत जाणारी वाट कुठून जाते, ते पाहा. मधल्या पायरीवर देखरेखीच्या छोट्या जागा असत, असे मी आत्ता म्हटले. त्या म्हणजे वॉर्डर, टिंडल, पेटी अफसर, जमादार. ‘टिंडल’ हा शब्द आपल्या पनवेलच्या खाडीकाठच्या लोकांना परका वाटू नये. होडीवरचा तांडेल तोच हा. होडीवरचा तांडेल वादळात आपल्या माणसांना सांभाळतो. अंदमानातल्या टिंडलाला मात्र आपल्या माणसांकडून तेल काढून घ्यायचे असे. तोही कैदीच. काल त्याच्या पायात बेडी होती. आज त्याच्या हाती दंडुका आहे. आणि उद्या तो दंडुका हाती राहायचा असेल, तर दुसऱ्याच्या पाठीवर तो पडलाच पाहिजे.

सावरकरांच्या ग्रंथात बारी नावाच्या आयरिश तुरुंगाधिकाऱ्याचे चित्र आहे. पण कैद्याच्या रोजच्या जगण्यात बारीपेक्षा हा पेटी अफसर जास्त वेळा येतो. कुणी कुणाशी बोलले, कुणी तेल कमी भरले, कुणाजवळ तंबाखूची चिमूट सापडली, हे सारे वर जायचे ते याच्या तोंडून. सरकारला पगारी शिपाई महाग. कैदी पहारेकऱ्याला थोडा हातखर्च आणि थोडी माफी दिली की भागते. शिवाय मोठा फायदा दुसराच. शंभर कैदी एकत्र आले तर भिंत हलते. पण त्यातल्या दहांना उरलेल्या नव्वदांवर बसवले, की नव्वदांचा राग त्या दहांवर जातो आणि सरकार बाजूला राहते. दाम दिला आणि भेद साधला, तो असा.

सगळेच कैदी पहारेकरी दुष्ट होते असे मात्र समजू नये. १९२२ साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आले. पुढे १९२४ साली त्यांनी आपले तुरुंगातले अनुभव लिहून प्रसिद्ध केले. त्यांत अदन नावाच्या एका सोमाली कैदी वॉर्डरविषयी त्यांनी मोठ्या आपुलकीने लिहिले आहे. इंग्रजी फौजेतून पळाल्याबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली होती, आणि एडनच्या तुरुंगातून त्याला इकडे धाडले होते. पाहा योगायोग! शिरढोणच्या माणसाला एडनला न्यायचे आणि तिकडच्याला पुण्याला आणायचे. माणूस आपल्या माणसांपासून तुटला की पहारा सोपा होतो, हे त्यामागचे गणित. तरीही अदनसारखा माणूस माणूसच राहिला. पण ज्या व्यवस्थेत चांगले राहण्यासाठी माणसाला बक्षीस धोक्यात घालावे लागते, ती व्यवस्था चांगली म्हणता येणार नाही.

चांगल्या वागणुकीच्या नोंदी किती पोकळ असू शकतात, याचा एक दाखला इतिहासात आहे. अंदमानातला शेर अली हा कैदी सरकारदप्तरी चांगल्या वर्तनाचा होता, म्हणून त्याला न्हाव्याचे काम करण्याची मोकळीक दिली होती. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी त्यानेच व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याला सुऱ्याने भोसकून मारले. वहीत शिस्त दिसली म्हणून मन वळले असे होत नाही.

पुढे १९३० साली कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग आले. शिक्षण, घरची स्थिती, राहणीची सवय पाहून वर्ग द्यायचा. वरच्या वर्गाला बरे अन्न, पुस्तके, जास्त पत्रे. तेच वर्ष जंगल सत्याग्रहाचे. २५ सप्टेंबर १९३० ला आपल्या उरण भागात चिरनेरला गोळीबार झाला आणि माणसे पडली, ते तुम्ही जाणताच. एकाच झेंड्याखाली तुरुंगात गेलेले वकील आणि शेतकरी आतमध्ये वेगवेगळ्या पंगतीला बसले. शेतकऱ्याच्या वाट्याला सहसा ‘क’ वर्ग. पुष्कळ सत्याग्रह्यांनी वरचा वर्ग नाकारला आणि आपल्या माणसांबरोबर भाकरी खाल्ली. बक्षिसातला भेद त्यांनी ओळखला होता.

याच काळातले एक निराळे चित्र धुळ्याच्या तुरुंगातले आहे. १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, दर रविवारी, विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ऐकायला बसले म्हणून कुणाला माफी मिळत नव्हती. न बसल्याबद्दल शिक्षाही नव्हती. तरी माणसे येऊन बसत. माणसाला आतून काही हवे असते, आणि ते माफीच्या हिशेबात मावत नाही, हे यावरून दिसते.

आणखी एक प्रयोग सांगतो. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची वसाहत सुरू झाली. राजेसाहेबांचा पाठिंबा आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या, गांधीविचाराच्या इंजिनिअरची कल्पना. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी तिथे भिंतीवाचून राहिले, शेती करू लागले. १९५७ साली आलेला शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला, कथा गदिमांची. इथे बक्षीस कोणते होते? विश्वास. सगळ्यांना सारखा. एकाला दिला म्हणून दुसऱ्याचा कमी झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर पुष्कळ बदलले. न्यायालयाने फटक्यांची शिक्षा देण्याची पद्धत १९५५ च्या कायद्याने बंद झाली. कैदी झाला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दाराशी गळून पडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सुनील बात्रा खटल्यात स्पष्ट केले. पण भेद चिवट असतो बघा! जातीवरून स्वयंपाक कुणी करायचा आणि झाडू कुणी मारायचा हे ठरवणारे नियम काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत राहून गेले होते. ते घटनाबाह्य ठरायला २०२४ चा ऑक्टोबर महिना उजाडावा लागला.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, तुरुंगाशी आमचा काय संबंध? पण बक्षीस आणि शिक्षा हा व्यवहार आपणही रोज करतो. शाळेत करतो, घरात करतो, शेतावर मजूर लावतो तेव्हा करतो. वेत बाजूला ठेवला की आपण सुधारलो, असे आपल्याला वाटते. एवढ्यावर थांबू नये. वर्गात एका मुलाला मॉनिटर करून बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायला लावतो, तेव्हा आपण त्याला काय शिकवतो? गुरुजींचा लाडका होण्याचा मार्ग मित्राच्या नावावरून जातो, हेच ना? त्याऐवजी त्याच मुलाला मागे पडलेल्या दोघांना पाढे शिकवायला बसवले, तर जबाबदारी तीच, मानही तोच, पण तिघेही वर येतात. पेटी अफसर आणि होडीवरचा तांडेल यांत जो फरक, तो हा.

म्हणून एक साधी कसोटी सुचवतो. कोणतेही बक्षीस देताना विचारावे: याने हा माणूस स्वतःच्या पायावर उभा राहील, की दुसऱ्याच्या मानेवर? महाबळेश्वरची बाग आणि स्वतंत्रपूरचे शेत पहिल्या प्रकारात येते. अंदमानचा दंडुका दुसऱ्या.

आणि गावकरी मंडळींना एक विनंती. शिक्षा भोगून कुणी गावात परत येतो, तेव्हा कायद्याने त्याचा हिशेब संपलेला असतो. आपण मात्र तो चालू ठेवतो. त्याला कामावर कुणी घेत नाही, त्याच्या मुलांना कुणी खेळायला घेत नाही. अंदमानच्या सरकारनेसुद्धा दहा वर्षांनी कैद्याला जमिनीचा तुकडा आणि गुरे पाळण्याची मोकळीक दिली होती. आपल्याच गावच्या माणसाला निदान एका दिवसाची मजुरी आणि पारावर बसायला जागा देताना आपण त्या परक्या सरकारापेक्षा हात आखडता घेऊ नये.